१० कोटी ओळींच्या फाइलमधून १ लाख रँडम ओळी काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याच्या शहर बसच्या तिकिटांची वर्षभराची एक सीएसव्ही फाइल आहे. आकार १२ जीबी, ओळी सुमारे १० कोटी. लॅपटॉपला रॅम ८ जीबी. पांडाजने (पायथनची तक्ते हाताळायची लायब्ररी) फाइल उघडायला घेतली की मशीन गोठतं. अभ्यासाला १ लाख रँडम ओळी पुरतील, तर त्या पूर्ण फाइल न वाचता कशा काढायच्या?

‘पूर्ण फाइल न वाचता’ हा हट्ट आधी सोडा. फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणं वेगळं आणि ती सगळी एकाच वेळी रॅममध्ये धरणं वेगळं. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, म्हणजे १२ जीबीला २४ सेकंद. जुनी फिरती हार्ड डिस्क १२० एमबीने वाचते असं धरलं तरी १०० सेकंद. आणि रॅममध्ये काय ठेवायचंय? सरासरी १२० बाइटच्या १ लाख ओळी, म्हणजे १२ एमबी. पांडाज अडतो कारण तो सगळ्या ओळी धरून ठेवतो, शिवाय मजकुराच्या प्रत्येक मूल्याचं स्वतंत्र पायथन ऑब्जेक्ट झालं तर मेमरीतला आकार फाइलच्या कितीतरी पट होतो. डिस्कचा यात काही दोष नाही.

सुरुवातीच्या १ लाख ओळी उचलून काम भागवायचा मोह होतो, आणि बहुतेक जण तेच करतात. अशी फाइल महिन्यानुसार आणि त्यात डेपोनुसार लावलेली असते. पहिल्या लाख ओळींत जानेवारीचे सुरुवातीचे काही तास किंवा दिवस आणि एखादाच डेपो येईल. स्वारगेट आला तर निगडी, भोसरी, हडपसर गायब. आषाढी वारीच्या पालखीमुळे वळवलेले मार्ग नाहीत, गणपतीतली लक्ष्मी रस्त्याभोवतीची उलथापालथ नाही, मेमधली सुट्टीही नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ती एका पातेल्यातली शितं सारखीच शिजतात म्हणून. क्रमाने लावलेल्या फाइलचं तसं नसतं. एक्सेलमध्ये फाइल उघडून ‘आलेल्या’ ओळींवर काम करणंही याच जातीचं. एक्सेलच्या शीटला १०,४८,५७६ ओळींची मर्यादा आहे. पुढचं सगळं कापलं जातं, आणि इशारा न वाचता ‘ओके’ दाबला की कापलेलं लक्षातही राहत नाही.

दर हजारावी ओळ घ्यायची युक्ती याहून बरी, पण तिच्यात एक छुपा सापळा आहे. समजा, खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या पाणीपातळीची फाइल आहे आणि दर तासाला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या क्रमाने चार ओळी पडतात. १००० ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून दर हजारावी ओळ कायम एकाच धरणाची निघेल. वर १००० ओळी म्हणजे २५० तास. २५० आणि २४ यांचा मसावि २, म्हणून चोवीसपैकी फक्त १२ तास नमुन्यात येतील, तेही एकतर सगळे सम किंवा सगळे विषम. हजारऐवजी ९९७ ही मूळ संख्या घेतली तर हा घोळ टळतो. पण फाइलमध्ये आणखी कोणती लय दडली आहे हे आधी माहीत नसतं, त्यामुळे खरा रँडम नमुना घेणंच सोपं पडतं.

आता मुख्य निर्णय. तुम्हाला नेमक्या १ लाख ओळी हव्यात, की साधारण हजारात एक या प्रमाणात आल्या तरी चालतील?

प्रमाण चालणार असेल तर काम एका ओळीचं आहे. ऑक या मजकूर ओळ-ओळ वाचणाऱ्या कमांडला सांगायचं: पहिली ओळ शीर्षकाची, ती नेहमी छाप, बाकी प्रत्येक ओळीसाठी ० ते १ मधला रँडम आकडा काढ आणि तो ०.००१ पेक्षा लहान असेल तरच छाप. प्रत्येक ओळीचा निर्णय स्वतंत्र, त्यामुळे लक्षात काही ठेवावं लागत नाही. किती ओळी येतील हे मात्र थोडं हलतं. अपेक्षित संख्या १ लाख, प्रमाण विचलन सुमारे ३१६. म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा संख्या ९९,३८० ते १,००,६२० च्या दरम्यान. विश्लेषणाला याने काडीचा फरक पडत नाही. ‘बरोबर १,००,००० च हव्यात’ ही अट बहुतेक वेळा अहवालात गोल आकडा दिसावा एवढ्यासाठीच असते.

ऑकमध्ये सीडची, म्हणजे रँडम आकडेमाला ज्यावरून सुरू होते त्या आकड्याची, काळजी घ्या. जीएनयू ऑकमध्ये सीड ठरवणारा एसरँड न बोलावता रँडम आकडा देणारा रँड वापरला तर दर वेळी तीच आकडेमाला येते, म्हणजे तुम्ही दहा ‘वेगवेगळे’ नमुने काढलेत तरी दहाही सारखेच. डेबियन-उबुंटूवर बहुधा मॉक (ऑकचाच दुसरा अवतार) असतो. तो आपणहून सीड बदलतो, म्हणजे तिथे उलट अडचण: कालचा नमुना आज परत मिळत नाही. एसरँड रिकामा बोलावला तर तो घड्याळातले सेकंद घेतो, आणि एकाच सेकंदात सुरू झालेल्या दोन प्रोसेसना एकच नमुना मिळतो. म्हणून सीडचा आकडा स्वतः द्या आणि तो लिहून ठेवा.

नेमका आकडा हवा असेल तर शफ, म्हणजे ओळी पिसणारी कमांड. टेलने दुसऱ्या ओळीपासूनचा मजकूर पाइपमधून शफला द्यायचा, एन पर्यायात १००००० लिहायचं, आणि शीर्षकाची ओळ हेडने आधीच वेगळी नव्या फाइलमध्ये टाकून ठेवायची. हे विसरलं की शीर्षक एकतर गायब होतं, नाहीतर नमुन्याच्या मध्येच कुठेतरी सापडतं. शफ ज्या संचात येतो त्या जीएनयू कोअरयुटिल्सच्या ८.२२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, शफ मोठ्या इनपुटवर एन दिल्यास (खाली समजावलेली) रिझर्व्हॉयर पद्धत वापरतो आणि मेमरीत फक्त नमुनाच धरतो. त्याआधीचा शफ अख्खी फाइल मेमरीत घ्यायचा. ऑफिसातल्या एखाद्या जुन्या सर्व्हरवर तोच असेल तर मेमरी का संपते याचं कोडं तिथे सुटतं. मॅकवर होमब्रूने कोअरयुटिल्स टाकले की हीच कमांड जीशफ नावाने मिळते. तोच नमुना पुन्हा हवा असेल तर रँडम-सोर्स पर्यायात रँडम बाइटची फाइल द्यावी लागते. ती अपुरी पडली तर शफ ‘एंड ऑफ फाइल’ म्हणून थांबतो, आणि रिझर्व्हॉयर पद्धतीत दर ओळीला रँडम बाइट खर्च होतात, तेव्हा १० कोटी ओळींसाठी काहीशे एमबीची फाइल बनवून जपून ठेवा.

शफऐवजी सॉर्टचा कॅपिटल आर पर्याय वापरा असा सल्ला जागोजागी मिळतो. तो टाळा. सॉर्ट १० कोटी ओळींचा पूर्ण क्रम लावतो, त्यासाठी तात्पुरत्या फाइलींनी डिस्क भरतो, आणि क्रम ओळीच्या हॅशवर (मजकुरावरून काढलेल्या आकड्यावर) लावत असल्याने तंतोतंत सारख्या ओळी शेजारी-शेजारीच येतात. तिकिटांच्या डेटात सारख्या ओळी भरपूर. एकच मार्ग, एकच भाडं, एकच मिनिट. त्यातून वरच्या लाख ओळी घेतल्या तर एकसारख्या ओळींचा अख्खा गठ्ठा येतो किंवा अख्खा राहतो.

रिझर्व्हॉयर पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण कुठल्याही भाषेत ती दहा ओळींत लिहिता येते आणि एकूण ओळी किती हे आधी माहीत असावं लागत नाही. के जागांचा एक साठा ठेवा. पहिल्या के ओळी थेट साठ्यात जातात. त्यानंतर आय-वी ओळ आली की १ ते आय मधला एक पूर्णांक रँडम काढा. तो के किंवा त्याहून लहान असेल तर त्या क्रमांकाच्या जागेवरची जुनी ओळ फेकून नवी बसवा, नाहीतर नवी सोडून द्या. हे बरोबर का? आय-वी ओळ साठ्यात शिरण्याची शक्यता के भागिले आय. पुढची ओळ येते तेव्हा आतल्या एका ठरावीक ओळीला बाहेर काढलं जाण्याची शक्यता १ भागिले (आय + १), म्हणजे टिकण्याची शक्यता आय भागिले (आय + १). हे गुणत गेलं की अंश-छेद कटत जातात आणि शेवटी प्रत्येक ओळीसाठी के भागिले एन (इथे एन म्हणजे फाइलमधल्या एकूण ओळी) उरतं, मग ती पहिली असो वा शेवटची. याला अल्गोरिदम आर म्हणतात. श्रेय ॲलन वॉटरमन यांना दिलं जातं. जेफ्री व्हिटर यांनी १९८५ मध्ये आणि किम-हुंग ली यांनी १९९४ मध्ये याच्या वेगवान आवृत्त्या दिल्या. त्यांत दर ओळीला रँडम आकडा न काढता, ‘आता पुढच्या इतक्या ओळी सोड’ असा उडीचा आकडा काढतात. आपल्या उदाहरणात १० कोटी ओळींपैकी साठ्यात बदल होतो तो साधारण ६.९ लाख वेळाच, त्यामुळे साध्या पायथन लूपमध्ये ही बचत चांगलीच जाणवते. डिस्कवरून वाचण्याचा वेळ मात्र तेवढाच राहतो.

एक चूक इथे हमखास होते: साठ्यातला क्रम रँडम असतो असं धरून त्यातल्या पहिल्या ८० हजार ओळी मॉडेल शिकवायला आणि उरलेल्या २० हजार तपासायला घेणं. फाइलमधली पाचवी ओळ साठ्यात टिकली असेल तर ती पाचव्याच जागी असते. विभागणी करण्याआधी साठा एकदा पिसून घ्या.

पांडाजमध्येच राहायचं असेल तर

सर्वत्र फिरणारी कृती अशी: एकूण ओळी मोजा, त्यांतून न वाचायच्या ९.९९ कोटी क्रमांकांची यादी काढा आणि ती स्किपरोज या ‘कोणत्या ओळी सोडायच्या’ सांगणाऱ्या पर्यायाला द्या. ८ जीबीच्या मशीनवर हे चालत नाही. पायथनच्या यादीत एका पूर्णांकामागे ऑब्जेक्टचे २८ आणि पॉइंटरचे ८ बाइट जातात, म्हणजे नुसती यादी सुमारे ३.६ जीबीची, वर पांडाज तिचा सेट बनवतो. डेटा वाचायच्या आधीच रॅम संपली. उलट करा: ठेवायच्या १ लाख क्रमांकांचा सेट बनवा आणि स्किपरोजला फंक्शन द्या, जे क्रमांक शून्यापेक्षा मोठा असेल आणि सेटमध्ये नसेल तर ‘खरं’ सांगेल. शून्याची अट शीर्षक वाचवते. हे बरोबर चालतं, पण प्रत्येक ओळीला पायथन फंक्शन बोलावलं जातं, त्यामुळे १० कोटी ओळींना बराच वेळ धरा.

दुसरा मार्ग चंकसाइझचा: ५ लाख ओळींचा तुकडा वाचायचा, त्यातून सॅम्पलने ०.००१ भाग उचलायचा, पुढचा तुकडा. पण लूपच्या आत रँडम स्टेट (म्हणजे सीड) ४२ लिहिलं तर प्रत्येक तुकड्यातून त्याच स्थानांच्या ओळी उचलल्या जातात: १७वी, २०३वी, तीच यादी दोनशे वेळा. वरचा दर हजारावीचा रोग वेगळ्या कपड्यांत परत आला. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा रँडम आकड्यांचा जनरेटर लूपच्या बाहेर एकदाच बनवा आणि तोच प्रत्येक वेळी आत द्या (पांडाज १.४ पासून हे चालतं). तसंच प्रत्येक तुकड्यातून ठरावीक ५०० ओळी असं न म्हणता प्रमाणच द्या. शेवटचा तुकडा लहान असतो आणि ठरावीक संख्येने त्याला जास्त वजन मिळतं.

हे सगळं टाळायचं तर डकडीबी, म्हणजे फाइलवर थेट एसक्यूएल चालवणारा डेटाबेस. सीएसव्ही फाइलवर थेट सिलेक्ट लिहून शेवटी ‘युझिंग सॅम्पल रिझर्व्हॉयर (१००००० रोज) रिपीटेबल (४२)’ (इथे रोज म्हणजे rows, ओळी) जोडलं की काम होतं, आणि आज नवख्याला पहिला मार्ग म्हणून हाच सांगावा. तीन गोष्टी पाहा. टक्क्यांत नमुना मागितला आणि पद्धत लिहिली नाही तर तो ‘सिस्टम’ पद्धत वापरतो. म्हणजे ओळ-ओळ न निवडता २०४८ ओळींचे गठ्ठेच्या गठ्ठे निवडतो. डेपोनुसार लावलेल्या फाइलमध्ये शेजारच्या ओळी एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे असा नमुना दिसतो लाख ओळींचा आणि त्यातली माहिती असते त्याहून फार कमी. टक्के हवे असतील तर ‘बर्नोली’ (प्रत्येक ओळीचा स्वतंत्र निर्णय) स्पष्ट लिहा. पोस्टग्रेस डेटाबेसच्या टेबलसॅम्पलमध्येही सिस्टम आणि बर्नोली हाच भेद आहे. तिथे गठ्ठा म्हणजे ८ केबीचं पान. दुसरं, नमुना व्हेअरच्या (ओळी गाळणाऱ्या अटीच्या) आधी काढला जातो. ‘फक्त कोथरूड डेपोच्या १ लाख ओळी’ हव्या असतील तर गाळणी आतल्या सबक्वेरीत टाका, नाहीतर आधी लाख निवडून मग त्यांतल्या कोथरूडच्या तेवढ्या हातात येतील. तिसरं, रकान्यांचे प्रकार तो सुरुवातीच्या २०,४८० ओळी पाहून ठरवतो. मार्ग क्रमांकात पुढे कुठेतरी अक्षर आलं की क्वेरी मध्येच तुटते. सगळे रकाने मजकूर म्हणून वाचायचा पर्याय देऊन नंतर प्रकार बदला. सीड देऊनही तंतोतंत तोच नमुना हवा असेल तर थ्रेड एकावर आणा.

उडी मारून वाचण्याबद्दल

फाइलमध्ये रँडम बाइटवर उडी मारायची, चालू ओळ सोडायची आणि पुढची घ्यायची, ही कल्पना हुशार वाटते. ती चुकीची आहे, कारण एखादी ओळ निवडली जाण्याची शक्यता तिच्या आधीच्या ओळीच्या लांबीवर ठरते. आपल्याकडे हे जास्तच बोचतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘शनिवारवाडा’ हा थांबा ३० बाइटचा, तोच रोमन लिपीत लिहिला तर १२. काही डेपोंनी थांबे मराठीत आणि काहींनी रोमनमध्ये भरले असतील, आणि ओळी डेपोनुसार लागलेल्या असतील, तर मराठीत भरणारे डेपो नमुन्यात फुगतात. हे सुधारता येतं: बाइट ज्या ओळीत पडला तीच ओळ मागे जाऊन पूर्ण घ्या, आणि तिला ‘सर्वांत लहान लांबी भागिले हिची लांबी’ एवढ्या शक्यतेनेच स्वीकारा, नाहीतर नवी उडी.

तरीही वेळेचा हिशेब करा. फिरत्या डिस्कवर एका उडीला १० मिलिसेकंद धरले तर १ लाख उड्यांना १००० सेकंद. सरळ वाचायला १०० लागत होते. एसएसडीवर उडी ०.१ मिलिसेकंदाची, म्हणजे १० सेकंद, तिथे थोडा फायदा आहे. उड्या खऱ्या अर्थाने परवडतात ते नमुना अगदी लहान असताना, किंवा एकाच फाइलमधून पुन्हापुन्हा नमुने काढायचे असताना. मग एकदा पूर्ण वाचून प्रत्येक ओळीचा सुरुवातीचा बाइट नोंदवा. १० कोटी गुणिले ८ म्हणजे ८०० एमबीची सूची. निवडलेली स्थानं चढत्या क्रमाने लावून वाचा, म्हणजे डिस्क मागेपुढे धावत नाही. जीझिप केलेल्या फाइलवर यातलं काहीच लागू नाही. ती सुरुवातीपासूनच उलगडावी लागते, झीकॅट या उलगडणाऱ्या कमांडमधून थेट शफला द्या.

ओळ म्हणजे नोंद नव्हे

शफ आणि ऑक दोघंही ओळ संपली हे नव्या ओळीच्या चिन्हावरून ठरवतात. सीएसव्हीत अवतरणचिन्हांच्या आत नवी ओळ असू शकते: पत्ता, तक्रारीचा मजकूर, शेरा. तिकिटांच्या फाइलमध्ये हे कमी, पण तक्रारींच्या फाइलमध्ये हटकून असतं, आणि मग नमुन्यात अर्ध्या नोंदी येतात. तपासणी सोपी: ज्या ओळींत दुहेरी अवतरणचिन्हांची संख्या विषम आहे अशा ओळी मोजा. शून्य आल्या तर शफ खुशाल वापरा. नाहीतर सीएसव्ही समजणारं साधन घ्या. डकडीबी, पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल, किंवा एक्सएसव्हीची सॅम्पल कमांड. बारा महिन्यांच्या बारा फाइली जोडून एक केली असेल तर शीर्षकाची ओळ मध्ये अकरा वेळा पुन्हा आली असेल, तीही काढा. एसक्यूएल सर्व्हरमधून निघालेली फाइल कधी यूटीएफ-१६ असते, त्यावर ऑक काहीच्या बाही करतो. आधी आयकॉन्व्ह कमांडने ती यूटीएफ-८ मध्ये बदला.

आता आकाराबद्दल. १ लाख पुरतात का? एखादं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर १ लाखाच्या नमुन्यात ९५ टक्के खात्रीची चूक अधिक-उणे ०.३१ टक्के बिंदू, १० हजारांत ०.९८, १ हजारात ३.१. फाइल १० कोटींची आहे की १०० कोटींची याने हे आकडे जवळजवळ हलत नाहीत. हलतात ते दुर्मीळ गोष्टींसाठी. वर्षात २०० च तिकिटं निघालेला मार्ग हजारात एकच्या नमुन्यात दिसण्याची अपेक्षा ०.२ ओळ, तो अजिबात न दिसण्याची शक्यता ८२ टक्के. मार्गांची तुलना करायची असेल तर प्रत्येक मार्गासाठी वेगळा छोटा साठा ठेवा, डिक्शनरीत मार्ग क्रमांकाला एक रिझर्व्हॉयर, आणि प्रत्येक ओळीसोबत ‘त्या मार्गाच्या एकूण ओळी भागिले नमुन्यातल्या ओळी’ हे वजन लिहा. वजनाचा रकाना हरवला की त्या नमुन्यावरून शहराची सरासरी काढता येत नाही. खराब ओळी शोधायलाही नमुना वापरू नका: १० कोटींत ५० ओळी बिघडलेल्या असतील तर त्यांतली एकही न दिसण्याची शक्यता ९५ टक्के. त्यासाठी पूर्ण फाइलच चाळायची.

आणि प्रश्न तिकिटांचा नसून प्रवाशांचा असेल, म्हणजे एक पासधारक महिन्यात किती वेळा बस बदलतो वगैरे, तर ओळींचा नमुना मुळातच निरुपयोगी. प्रत्येक माणसाच्या हजारातल्या एक-दोन फेऱ्या हातात येतील. अशा वेळी पास क्रमांकाचा हॅश काढून त्याला १००० ने भागा आणि बाकी ७ येणारे सगळे पास, त्यांच्या सगळ्या ओळींसकट, घ्या. हाच नियम दुसऱ्या फाइलवर लावला की तिथेही तेच पास निघतात आणि जोडणी शाबूत राहते. दोन फाइलींतून स्वतंत्रपणे एकेक टक्का उचलला तर जुळणाऱ्या जोड्या दहा हजारांत एक उरतात. पायथनचं अंगभूत हॅश फंक्शन इथे चालत नाही, कारण ३.३ पासून मजकुराचा हॅश दर वेळी प्रोग्रॅम सुरू करताना बदलतो. एमडी५ किंवा सीआरसी३२ घ्या.

नमुना काढताना मूळ फाइलमधला ओळक्रमांक पहिल्या रकान्यात लिहून घ्या. ऑकमध्ये तो एनआरमध्ये तयारच असतो. या क्रमांकांचा हिस्टोग्राम सपाट आला पाहिजे. शिवाय पूर्ण फाइलवरून महिना आणि डेपोनुसार ओळी एकदा मोजून नमुन्यातल्या टक्केवारीशी ताडून पाहा. फेब्रुवारी किंचित कमी दिसेल, दिवसच कमी आहेत. पण एखादा डेपो दुप्पट दिसला तर विश्लेषणाकडे वळण्याआधी अवतरणचिन्हं, जोडलेल्या फाइली आणि लूपमधला सीड, या क्रमाने शोधायला लागा.